जुन्या छोट्या गाडीवर भरवसा कसा ठेवायचा: नव्या मालकासाठी

आमच्या गाडीला आता सतरा वर्षं झाली. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, हाताने बदलायचे पाच गिअर, मागे जेमतेम डिक्की. मी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर होते. त्या वेळी भेटेल तो विचारायचा, "एवढी जुनी गाडी भरवशाची असते का?" मलाही तीच धास्ती होती. आठ वर्षं चालवल्यावर मात्र माझं मत असं झालंय की गाडीचं वय किती यापेक्षा तिच्याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे हे जास्त महत्त्वाचं. कोणता भाग कधी बदलला याची नोंद असलेली पंधरा वर्षांची गाडी मी बिनघोर लांब नेईन. सात वर्षांची, पण काहीच ठाऊक नसलेली गाडी नेताना दहा वेळा विचार करीन.

ज्यांच्या हाती अशी गाडी नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हाताला ग्रीस लावायची हौस नसली तरी चालेल. बॉनेट उघडून पाहायची तयारी मात्र हवी.

आधी इतर मालकांचे अनुभव वाचायला शिका

कोणतंही जुनं मॉडेल घ्या, त्याचे दोन मालक हमखास उलटसुलट बोलतील. एक म्हणेल, "दोन लाख किलोमीटर झाले, इंजिनला हात लावला नाही." दुसरा म्हणेल, "गाडी नव्हे, डोकेदुखी आहे." दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच नवा माणूस गोंधळतो.

असा अनुभव ऐकला की मी त्यात चार गोष्टी शोधतो: गाडीचं वय, किलोमीटर, कशा प्रकारचं चालवणं आणि बिघाडाआधी काय बदललं होतं किंवा राहून गेलं होतं. दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी "एकदम मस्त" असेल, पण त्यावरून दीड लाखाच्या पुढचं काही कळत नाही. उलट, रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणारी गाडी कमी किलोमीटरची असूनही आतून थकलेली असू शकते. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल साचत जातं. हायवेवर सलग चाललेले किलोमीटर गाडीला त्या मानाने फार कमी झिजवतात.

एकट्यादुकट्या तक्रारीवर फारसं जाऊ नका, तीच तक्रार पुन्हापुन्हा येते का ते पाहा. एकाची काच अडकली तर तो योगायोग. पण एकमेकांना न ओळखणारे आठ-दहा मालक एकच भाग साधारण त्याच किलोमीटरला गेला असं सांगत असतील, तर तो त्या मॉडेलचा स्वभाव समजा. आमच्या इंजिनात इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा भाग, असाच बदनाम आहे. तेवढं आधी कळल्यामुळे एक कॉइल डिक्कीत ठेवला होता आणि एका रात्री तोच कामाला आला. गाडी मिसिंग मारायला लागली (एका सिलिंडरमध्ये जळण न होता झटके द्यायला लागली), मी दिव्याच्या खांबाखाली थांबलो, एक बोल्ट आणि एक क्लिप काढून कॉइल बदलला. वीस मिनिटांत पुढे निघालो.

आणखी एक खबरदारी. नाव तेच असलं तरी गाडी तीच असेल असं नाही. मधल्या एखाद्या वर्षी इंजिन बदलतं, गिअरबॉक्स बदलतो, टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनातल्या रबरी पट्ट्याच्या, जागी चेन येते. म्हणून अनुभव वाचताना आपल्या गाडीचं वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि गिअरबॉक्स जुळतोय का ते बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तक्रार मॅन्युअल गाडीवाल्याने मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

ऐकीव गोष्टींना जोड म्हणून मोठ्या प्रमाणावरच्या नोंदीही पाहाव्यात. जर्मनीत टीयूव्ही या वाहन तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल दरवर्षी निघतो. सक्तीच्या तपासणीत कोणत्या वयाच्या कोणत्या गाड्यांमध्ये काय दोष सापडले हे त्यात असतं. तिथल्याच एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेकडे रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी असते. त्यात वर्षानुवर्षं पहिला क्रमांक बॅटरीचा लागतो. जुन्या गाडीची भीती वाटणारा माणूस इंजिन फुटण्याची कल्पना करत बसतो आणि प्रत्यक्षात त्याला उभं करते ती डब्याएवढी बॅटरी.

बिघाडांच्या तीन टोपल्या करा

माझ्या डोक्यात प्रत्येक दोष तीनपैकी एका टोपलीत जातो. पहिली टोपली जिवाशी खेळणाऱ्या गोष्टींची: ब्रेक, टायर, स्टिअरिंग, चाकांचे सांधे, एअरबॅग. दुसरी रस्त्यात उभं करणाऱ्या गोष्टींची: कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव्य), टायमिंग बेल्ट, बॅटरी, अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी भरणारा), पेट्रोलचा पंप, क्लच. तिसरी नुसता जीव खाणाऱ्या गोष्टींची: डॅशबोर्डची खडखड, अडकणारी काच, रंग उडालेलं छत, कुरकुरणारं दार.

नव्या मालकाचे पैसे आणि उत्साह हटकून तिसऱ्या टोपलीत खर्च होतात, कारण तीच डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. मीही पहिल्याच महिन्यात सीट कव्हर आणि नवा म्युझिक सिस्टिम घातला होता. ब्रेक ऑइल मात्र काळं पडलेलं होतं. क्रम उलटा लावू नका. पहिली टोपली रिकामी झाल्याशिवाय तिसरीला हात घालायचा नाही.

पायरी १: एक वही घाला

मोबाइलमध्ये ठेवलीत तरी हरकत नाही, पण वही हवीच. पहिल्या पानावर गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर, इंजिनाचा प्रकार, ऑइलचा ग्रेड, टायरचा आकार आणि हवेचा दाब. त्यापुढे तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणता भाग घातला. मागच्या मालकाकडे बिलं असतील तर ती उतरवून घ्या. "केलंय हो सगळं" याला नोंद म्हणत नाहीत. बिल नसेल तर ते काम झालेलं नाही असंच धरून चाला.

चासी नंबर घेऊन लगेच एक काम करा: उत्पादकाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे तुमच्या गाडीवर एखादा रिकॉल, म्हणजे दोष निघाल्याने उत्पादकाने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का ते तपासा. जुन्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत हे फार गंभीर आहे. ताकाता या कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेटचं इंधन वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडतं. मग धडकेच्या वेळी त्याचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. त्यात जगभर माणसं गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवल्या गेल्या आणि मोटारींच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा रिकॉल ठरला. गाडी दोन-तीन हातांतून फिरली की उत्पादकाचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि नव्याला पत्ताच लागत नाही. रिकॉलचं काम उत्पादक सहसा फुकट करून देतो. आजच तपासा.

पायरी २: घड्याळ शून्यावर आणा

नोंद नसलेली गाडी हाती आली की सगळी द्रव्यं आणि फिल्टर एकदाच बदलून टाकायचे आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, स्पार्क प्लग. प्लग काढाल तेव्हा फेकायच्या आधी नीट बघा. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर जळण व्यवस्थित आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, तेलकट काळा असेल तर ऑइल आत येतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर त्या सिलिंडरवर लक्ष ठेवा.

आता टायमिंग बेल्ट. यावर थोडं जास्त लिहितो, कारण जुन्या गाडीला एका क्षणात संपवणारी हीच गोष्ट आहे. पिस्टनशी जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना ताल धरायला लावणारा हा दातेरी रबरी पट्टा. कित्येक इंजिनांची रचना अशी असते की पट्टा तुटला तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन वर येऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं आणि खर्च कधीकधी गाडीच्या किमतीला टेकतो. पट्टा तुटण्याआधी बहुधा काही सांगत नाही. आवाज नाही, दिवा नाही.

बदलण्याची मुदत इंजिनाप्रमाणे वेगळी असते. पुष्कळ इंजिनांत ती साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, काहींत त्याहून जास्त. शिवाय वर्षांचीही मर्यादा दिलेली असते. मॅन्युअलमध्ये किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल ते धरायचं. कमी चाललेल्या गाडीचे मालक इथेच फसतात, कारण गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढतच असतं. माझ्या गाडीचा पट्टा मी घेतल्याघेतल्या बदलला. मागचा मालक शपथेवर सांगत होता की दोन वर्षांपूर्वीच टाकलाय. काढलेला पट्टा मेकॅनिककाकांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उलटा वाकवून बघा." वाकवला तर प्रत्येक दाताच्या मुळाशी केसासारखी भेग उघडली. दोन दातांचे कोपरे तुटून गेले होते. तो पट्टा मी अजून फेकलेला नाही.

पट्टा बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारी आयडलर पुली बदलाच. पुष्कळ इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो, तसं असेल तर तोही त्याच वेळी. मजुरी एकदाच लागते. तुमच्या इंजिनात चेन असेल तर ठरलेली मुदत सहसा नसते, पण ऑइल वेळेवर न बदलल्यास चेन सैल पडते. थंड इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज येत असेल तर दाखवून घ्या.

पायरी ३: गाडी तापू देऊ नका

जुन्या छोट्या गाडीत मी सगळ्यात जास्त जपतो ते कूलिंग. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गाडी एकदा जरी बेसुमार तापली तरी हेड वाकतं, हेड गॅस्केट (हेडखालचा सील) उडतं आणि तिथून गाडीचा उतार सुरू होतो. छोट्या इंजिनात एकूण कूलंटच साधारण चार-सहा लिटर. त्यातलं लिटरभर गेलं तरी मोठा वाटा गेला.

वयोमानाने इथे सगळ्यात आधी थकतं ते प्लास्टिक. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं (कूलंटचा प्रवाह तापमानाप्रमाणे उघडणाऱ्या झडपेचं) घर, होज जोडायच्या नळ्या, जादा कूलंट साठवणारा एक्सपान्शन टँक, हे सगळं हजारो वेळा तापून आणि गार होऊन ठिसूळ होतं. आमच्या गाडीत आठवड्याला कपभर कूलंट कमी व्हायचं. खाली एक थेंब नाही, धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नाही. दोन जणांनी हेड गॅस्केट सांगून इंजिन खोलायला काढलं होतं. मेकॅनिककाका मात्र गार इंजिनावर टॉर्च घेऊन अर्धा तास वाकून होते. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घराच्या खालच्या बाजूला, बोट जेमतेम पोहोचेल अशा ठिकाणी, गुलाबी खडूसारखी एक बारीक रेघ सुकलेली होती. तिथे चीर होती. इंजिन तापून दाब चढला की ती उघडायची, कूलंटचा फवारा गरम धातूवर पडून जागच्या जागी सुकायचा आणि इंजिन गार झालं की चीर मिटायची. एक प्लास्टिकचा तुकडा आणि एक रबरी रिंग बदलली, काम झालं. कूलंट कमी होत असेल तर इंजिन खोलायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने सिस्टिममध्ये दाब भरतात, आणि गार इंजिनावरच गळती सापडते.

तुम्ही स्वतः करायच्या गोष्टी अशा. आठवड्यातून एकदा, सकाळी, गार इंजिनावर टँकमधली पातळी बघा. गरम असताना झाकण कधीही उघडू नका. दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडताच मात्र एकदम उसळतं आणि हात-तोंड भाजतं. नुसतं नळाचं पाणी घालत राहू नका, त्याने आत गंज आणि क्षार धरतात. साधारण निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेकांना चालतं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली तर कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. रंगावरून प्रकार ठरवू नका, बाटलीवरचं मानक मॅन्युअलशी ताडून बघा. महिन्यातून एकदा गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. वाहत्या रस्त्यावर नीट असणारी आणि गर्दीत तापणारी गाडी बहुतेकदा पंख्याचीच तक्रार करत असते.

आणि चालवताना काटा नेहमीच्या जागेवरून सरकला तर घर जवळ आलंय म्हणून रेटू नका. आधी एसी बंद करा. हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगावर करा, त्याने इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि इंजिन बंद करा. टोचन लावून नेण्याचा खर्च हेडच्या कामापुढे काहीच नाही.

पायरी ४: बॅटरी, चार्जिंग आणि अर्थिंग

एक साधा मल्टिमीटर विकत घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. कमी दिसलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली की तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पण जुन्या गाडीत खरी फसवणूक अर्थिंगच्या वायरीची असते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी जाड वायर वर्षानुवर्षं पाणी आणि धूळ खाऊन आतून हिरवी पडते. मग सेल्फ मारला की स्टार्टर रडतखडत फिरतो, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, मीटरचे काटे उड्या मारतात. माणूस बॅटरी बदलतो, मग स्टार्टर बदलतो, दोष तिथेच राहतो. तपासायची पद्धत सोपी: मल्टिमीटरची एक टोकदार वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगकडे वळा. वायर काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा, नाहीतर सरळ नवी टाका.

पायरी ५: ब्रेक आणि टायर

इथे काटकसर नको, एवढंच मला निक्षून सांगायचंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रकाराचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर ते उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांच्या पुढे दरवर्षी तज्ज्ञाकडून बघून घ्या, आणि दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाका. हे स्टेपनीलाही लागू आहे, तिच्याकडे कुणी बघतच नाही. टायर एका कडेने जास्त झिजत असेल तर अलाइनमेंट करून मोकळे होऊ नका, आधी बुश आणि बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनचे रबरी आणि गोल सांधे, तपासा. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

पायरी ६: गाडी काय सांगते ते ऐका

एक दिवस रेडिओ बंद, काचा खाली, आणि भिंतीच्या कडेने हळू चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि एरवी न ऐकू येणारं ऐकू येतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आवाज येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. बहुधा त्याचं रबरी बूट आधी फाटलेलं असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. बूट फाटल्याफाटल्या बदललं तर जॉइंट वाचतो. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं आणि वळणावर तिच्यात फरक, म्हणजे चाकाचं हब बेअरिंग. सिग्नलला उभं असताना सगळी गाडी थरथरते आणि रेस दिली की थांबते, म्हणजे इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार, बसलेत. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

धुराचे रंगही ओळखून ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ काळजीची नाही, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट आत जातंय. वय झालेलं इंजिन थोडं ऑइल खातंच. आमची गाडी हजार किलोमीटरला पाव लिटर खाते. पाच वर्षं तेवढंच खातेय, म्हणून मी निवांत आहे. आकडा अचानक दुप्पट झाला तर मात्र कारण शोधायला हवं. दर दोन टाक्यांनंतर, सपाट जागेवर, गार इंजिनाची डिपस्टिक बघायची सवय लावा. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा पेटेपर्यंत थांबाल तर उशीर झालेला असतो.

चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचायचा, सोळा पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला. तो बहुधा स्टिअरिंगच्या खाली सापडतो. छोटं स्कॅनर लावलं की कोड मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (सायलेन्सरच्या मार्गात धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचं) काम मंदावलंय. पण कोड लक्षण सांगतो, कारण नाही. पी०१७१ आल्यावर लोक थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि दोष निघतो एका फाटलेल्या व्हॅक्यूम नळीत. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी: मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. वेग उतरवा आणि शक्य तितक्या लवकर थांबा.

पायरी ७: मेकॅनिकशी बोलणं

"गाडी बघा जरा" असं म्हणून चावी देऊ नका. केव्हा होतं ते सांगा: थंड असताना की तापल्यावर, कोणत्या वेगाला, ब्रेक लावताना की वळताना. शक्य असेल तर आवाज रेकॉर्ड करून न्या. बदललेला जुना भाग परत मागा, आणि तो का बदलला ते दाखवायला सांगा. चांगला माणूस आनंदाने दाखवतो. एका वेळी एकच संशयित भाग बदला. तीन भाग एकदम बदलले तर गाडी नीट होईल, पण दोष कशात होता हे वहीत लिहिता येणार नाही.

डिक्कीत मी ठेवतो ते असं: जंप केबल, हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि पाना, फ्यूजची पुडी, लिटरभर ऑइल, डिस्टिल्ड वॉटर, टॉर्च, परावर्तक त्रिकोण, आणि आमच्या इंजिनाच्या स्वभावाप्रमाणे एक कॉइल. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही. पुष्कळ गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच गार राहतो.

केव्हा थांबायचं

इंजिन, क्लच, गिअरबॉक्स या सगळ्यांना उपाय आहे, खर्चाचं गणित जुळलं की झालं. मी घाबरतो तो फक्त गंजाला, तोही दारावरच्या किंवा बॉनेटवरच्या गंजाला नाही. वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा: दारांखालचे सिल, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा, ब्रेकच्या धातूच्या नळ्या. जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भदभद आवाज आला आणि टोक दाबल्यावर पापुद्रे निघून आत गेलं, तर धडकेच्या वेळी ती जागा तुम्हाला वाचवणार नाही. नळ्या बदलता येतात. सिलला चांगल्या माणसाकडून नवा पत्रा जोडून घेता येतो. पण सस्पेन्शनच्या बैठकीपाशी भोक पडलं असेल, तर गाडी तिथेच उभी करा आणि तिच्यात घरच्यांना बसवू नका.